पाच मीटरांवरून

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजाची तयारी कपड्यांपासून सुरू होते आणि गवताच्या बियांपाशी येऊन ठेपते. कपड्यांबद्दल सगळेच बोलतात, बियांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र त्या अख्ख्या प्रवासात बियांची गोष्ट सगळ्यांत मोठी वाटली, म्हणून कपड्यांचं आधी उरकून घेते.

तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपास असतं. या आकड्याला भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते वाऱ्याला आणि ओलीला. म्हणून एकच जाडजूड कपडा उपयोगाचा नाही, थर लागतात: अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं काहीतरी. सुती काहीही नको, मोजेसुद्धा नकोत. सूत एकदा भिजलं की तिथे वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेत राहतं. जाड जॅकेट बहुतेक कंपन्या देतात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही वापरायला देतात. वॉटरप्रूफ पँट आपली आपण न्यायची आणि ती बुटांवरून खाली ओढता येईल इतकी घेरदार हवी. पँट बुटात खोचली, तर किनाऱ्यावर उतरताना येणारी लाट सरळ बुटात शिरते. हातमोज्यांचे दोन थर हवेत, आत पातळ आणि बाहेर जलरोधक, कारण कॅमेऱ्याचं बटण दाबायला बाहेरचा मोजा काढावाच लागतो आणि उघडी बोटं काही मिनिटांत आपली राहत नाहीत. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायच्या. थंडीत त्या भराभर उतरतात. गॉगल आणि सनस्क्रीन विसरायचं नाही, कारण बर्फ आणि पाणी दोन्हीकडून ऊन उलटून तोंडावर येतं.

शरीराची तयारी याहून वेगळी. मी आणि माझी थोरली बहीण दोघी जाणार होतो. ताई साठीच्या पुढची. तिनं निघण्याआधी काही महिने रोज जिने चढायला सुरुवात केली आणि दात घासताना एका पायावर उभं राहायचा सराव केला. मला सुरुवातीला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. जहाजावर कळलं. हलत्या केबिनमध्ये पँटमध्ये पाय घालणं, हे दिवसातलं सगळ्यांत अवघड काम असतं. तिथे दम असून भागत नाही, तोल लागतो.

आणि कागदपत्रं. डॉक्टरांकडून भरून घ्यायचा एक लांबलचक फॉर्म येतो. त्यात काही लपवू नये. जहाजावर डॉक्टर असतो, छोटासा दवाखाना असतो, पण मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही. द्वीपकल्पाच्या बाजूला विमानानं रुग्ण हलवायचा तर धावपट्टी साउथ शेटलँड बेटांपैकी किंग जॉर्ज बेटावर आहे, आणि तिथे विमान उतरणार की नाही हे धुकं ठरवतं. म्हणून रुग्ण हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा काढल्याशिवाय कंपनी घेतच नाही. या सगळ्या कागदांचा मला कंटाळा आला नाही. उलट आपण कुठे जातो आहोत, हे मला त्या कागदांनीच पहिल्यांदा नीट सांगितलं.

जहाज आर्जेन्टिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआइया बंदरातून सुटतं. तिथे एक-दोन दिवस आधी पोचावं. विमानात बॅग हरवली तर जहाज थांबत नाही.

बंदर सोडण्याआधी किंवा सोडल्यावर लगेच आपत्कालीन कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. सगळ्यांनी जाड कपडे घालून, लाइफ जॅकेट घेऊन ठरल्या जागी जमायचं, नावं पुकारली जातात, मग लाइफबोटीपर्यंत नेऊन दाखवतात. ताईनं त्या वेळी सगळं इतक्या लक्षपूर्वक ऐकलं, की शेजारचे एक वयस्कर गृहस्थ तिलाच दोनदा शंका विचारून गेले. आमच्या मार्गदर्शकांपैकी एकानं नंतर एका व्याख्यानात ‘एक्स्प्लोरर’ या जहाजाची हकिगत सांगितली. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ साली पर्यटकांची तुकडी अंटार्क्टिकाला नेली आणि आजच्या या प्रकारच्या प्रवासाचा पाया घातला. त्यांच्याचसाठी १९६९ साली हे छोटं लाल जहाज बांधलं गेलं. पुढे मालक बदलले, जहाज चालत राहिलं, आणि २३ नोव्हेंबर २००७ रोजी साउथ शेटलँड बेटांजवळ बर्फाला धडकून ते बुडालं. जहाजावरची सगळी १५४ माणसं वाचली. काही तास उघड्या समुद्रात लाइफबोटींमध्ये काढल्यावर दुसऱ्या एका प्रवासी जहाजानं त्यांना उचललं. हवा त्या दिवशी बरी होती.

२०१७ पासून ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या जहाजांना ‘पोलर कोड’ ही आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे. त्यातली एक अट माझ्या मनात रुतून बसली: मदत पोचायला किमान पाच दिवस लागतील असं धरून जीवरक्षक साहित्य ठेवायचं. पाच दिवस. या आकड्यात त्या समुद्राचं सगळं एकटेपण आहे.

मग ड्रेक पॅसेज. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि साउथ शेटलँड बेटं यांच्यामधला हा सुमारे ८०० किलोमीटरचा समुद्र. या अक्षांशावर पृथ्वीला पूर्ण वळसा घातला तरी मध्ये जमीन लागत नाही, त्यामुळे वारा आणि लाटा यांना अडवणारं काहीच नाही, आणि त्या फिरत्या पाण्याला नेमकी इथेच चिंचोळी वाट मिळते. पार करायला दोन दिवस लागतात. कधी हा समुद्र तळ्यासारखा असतो, कधी दोन्ही दिवस उभं राहू देत नाही. आम्हाला जाताना दुसरा मिळाला.

बोट लागणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. कानामागे लावायची पट्टीही मिळते, ती डॉक्टरांना विचारूनच. पोट रिकामं ठेवायचं नाही. आडवं पडायचं, किंवा क्षितिजाकडे बघत बसायचं. ताईला पहिल्याच रात्री बोट लागली. आमची केबिन सांभाळणारा तरुण सकाळी आला, त्यानं काही न विचारता दोन जादा लाइफ जॅकेटं आणली आणि तिच्या गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारली. गादी भिंतीकडे कलली, तिथे एक खोबण तयार झाली, आणि ताई त्या खोबणीत जी झोपली ती दुपारपर्यंत. किती साधी युक्ती! पुढच्या दिवसांत मला अशा कितीतरी युक्त्या दिसत गेल्या. जेवणघरातले टेबलक्लॉथ ओले करून ठेवतात, म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. मार्गिकेतल्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या असतात, कुणाला कुठेही गरज पडेल म्हणून. दाराच्या चौकटीत कधीही बोटं ठेवायची नाहीत, हे पहिल्याच संध्याकाळी बजावून सांगतात, कारण जहाज कललं की ते जड दार जीव खाऊन मिटतं. रात्री अंधार पडला की खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. उजेडाकडे झेपावून समुद्रपक्षी जहाजावर आदळतात.

पक्षी त्या समुद्राचे मालक आहेत. डेक उघडला तेव्हा मी पहिल्यांदा भटका अल्बट्रॉस पाहिला. त्याचे पंख साडेतीन मीटरपर्यंत पसरतात. जहाजाच्या मागे तो तासभर तरी होता आणि त्या अख्ख्या वेळात त्यानं पंख हलवलेले मला दिसले नाहीत. लाटेच्या कुशीत उतरायचं, वळायचं, वाऱ्यावर उठायचं, पुन्हा उतरायचं. वाऱ्याचा वेग पाण्यालगत कमी आणि वर जास्त असतो. त्या फरकावरच तो पोट भरतो, संसार करतो, हजारो किलोमीटर जातो. जो वारा आम्हाला उभं राहू देत नव्हता, त्याच वाऱ्यावर तो निवांत होता.

याच दोन दिवसांत जैवसुरक्षेची तपासणी असते. डेकनुसार बोलावतात. किनाऱ्यावर घालायचं, न्यायचं ते सगळं घेऊन जायचं: जॅकेट, पँट, टोपी, हातमोजे, पाठपिशवी, कॅमेऱ्याची बॅग, काठी. हॉलमध्ये व्हॅक्यूम क्लीनर मांडलेले असतात, चिमटे आणि टोकदार काड्या ठेवलेल्या असतात. खिसे उलटे करायचे. शिवणी तपासायच्या. व्हेल्क्रोच्या पट्ट्या उघडून त्यांतला एकेक धागा, एकेक कुसळ काढायचं. व्हेल्क्रो मुळात चिकटण्यासाठीच केलेलं असतं, त्यामुळे आपण वर्षभरात जिथे जिथे फिरलो तिथलं काही ना काही त्यात अडकून बसलेलं असतं. माझ्या पाठपिशवीच्या तळाशी गवताची कुसळं निघाली. ती कुठल्या डोंगरातली, कधीची, सांगता येत नव्हतं. ती एका चिकटपट्टीवर घेऊन तिथल्या मुलीनं डबीत टाकली, माझी पिशवी पुन्हा एकदा उलटी केली, आणि मग मी सही केली.

हे इतकं का, ते आधीच्या व्याख्यानात सांगितलं होतं. २००७-०८ च्या हंगामात संशोधकांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्या माणसांचे कपडे आणि सामान तपासलं. ज्यांच्याजवळ बिया सापडल्या, त्यांच्याजवळ माणशी सरासरी साडेनऊ बिया होत्या. पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांच्या सामानात त्या जास्त होत्या, हेही त्यात दिसलं. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या तळाजवळ ‘पोआ ॲनुआ’ नावाचं एक अगदी साधं गवत १९८०च्या दशकात रुजलं आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या स्थानिक वनस्पती दोनच आहेत, एक गवत आणि एक गादीसारखी पसरणारी खुरटी वनस्पती. तिथे तिसरं काही आपल्या खिशातून जाणं म्हणजे काय, ते मला त्या डबीतल्या कुसळांकडे बघताना कळलं. अंटार्क्टिका वाचवायचा म्हणजे मोठमोठ्या परिषदा आणि करार, असं आपल्याला वाटतं. ते आहेतच. अंटार्क्टिक करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी सह्या झाल्या, पर्यावरण रक्षणाच्या माद्रिद प्रोटोकॉलवर १९९१ मध्ये. पण त्या करारांचं शेवटचं टोक हलत्या जहाजाच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून चिमट्यानं व्हेल्क्रो साफ करणाऱ्या मुलीच्या हातात असतं.

दुसऱ्या दिवशी हवा बदलली. पाण्याचं तापमान काही अंशांनी उतरलं, धुकं आलं, पक्षी बदलले. इथे दक्षिणेचं थंड पाणी उत्तरेच्या कोमट पाण्याखाली शिरतं. नकाशावर रेघ नसली, तरी खऱ्या अर्थानं अंटार्क्टिका इथून सुरू होतो. संध्याकाळी पहिला हिमनग दिसला. ताई तोवर उठून बसली होती.

“अगं, हे असं निळं आतून कसं दिसतं?” तिनं विचारलं.

त्याचं कारण आमच्या बाजूला उभ्या असलेल्या भूशास्त्रज्ञानंच सांगितलं. वरच्या बर्फाच्या वजनानं खालच्या बर्फातले हवेचे बुडबुडे दाबले जातात, बर्फ घट्ट होतो, लाल प्रकाश शोषून घेतो, आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत येतो. ताईनं त्याला आणखी चार प्रश्न विचारले. तो रात्रीच्या जेवणाला उशीर करून उत्तरं देत राहिला.

द्वीपकल्पाला पोचल्यावर जहाजावरचा दिवस एका वेगळ्या लयीत चालतो. सकाळी मोहीमप्रमुखांचा आवाज केबिनमधल्या स्पीकरवर येतो: आपण कुठे आहोत, वारा किती, तापमान किती, आणि सकाळी काय करायचा विचार आहे. त्या नेहमी ‘विचार आहे’ असंच म्हणायच्या. रात्री दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगताना पर्यायी बेतही तयार असायचा, आणि त्याच्याही मागे आणखी एक. एकदा आम्ही लमेअर सामुद्रधुनीत शिरणार होतो. ११ किलोमीटर लांबीची ही वाट, सगळ्यांत अरुंद जागी जेमतेम ६०० मीटर, दोन्ही बाजूंना पाण्यातून सरळ वर उठलेले कडे. सगळी माणसं पहाटेपासून जहाजाच्या नाळेवर उभी. आणि अर्ध्या वाटेत बर्फ भरलेला. कॅप्टननं जहाज थांबवलं, बराच वेळ ते तसंच उभं होतं, मग अगदी हळू वळलं आणि आम्ही आल्या वाटेनं परत निघालो. काही जण हिरमुसले. मी त्या वेळी ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, होते. हवा चांगली असली की प्रवाशांना ब्रिजवर जाता येतं, फक्त बोलायचं नाही. कॅप्टन, दोन अधिकारी आणि बर्फावर नजर ठेवणारा एक माणूस, चौघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर हुकल्याचा भाव नव्हता. बर्फ होता, म्हणून वळलो. त्या शांतपणाची मला आजही आठवण येते, विशेषतः काही ठरवलेलं होत नाही तेव्हा.

किनाऱ्यावर उतरायचं म्हणजे एक मोठी रांग असते. खालच्या डेकवर बूट-जॅकेटांची खोली. तिथे तयार व्हायचं, फलकावरचा आपला क्रमांक उलटा करायचा (परत आल्यावर तो सुलटा केला नाही, तर तुम्ही किनाऱ्यावरच राहिलात असं धरून शोध सुरू होतो), जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवायचे, आणि मग रबरी झोडिअॅकमध्ये. बोटीत चढताना हातात हात द्यायचा नाही. एकमेकांचा मनगटाच्या वरचा हात पकडायचा, म्हणजे ओला हात निसटला तरी पकड सुटत नाही. पहिलं पाऊल बोटीच्या रबरी काठावर, दुसरं पायरीवर, तिसरं तळात. आणि लगेच बसायचं. किनाऱ्याला पाणी आत न शिरणाऱ्या सूटमधली दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभी राहून प्रत्येक बोट धरून ठेवतात. आपण उतरतो ते त्यांच्या हातांवरून.

५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना माणसं उतरवताच येत नाहीत. एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं नकोत, दर २० माणसांमागे एक मार्गदर्शक, आणि एका जागी एका वेळी एकच जहाज. प्रवासी कंपन्यांची ‘आयएएटीओ’ ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली, तिची ही पद्धत पुढे कराराच्या देशांनीही उचलून धरली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण जॉर्जियाजवळ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. त्यानंतर आणखी एक नियम आला: जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, पिशवी खाली ठेवायची नाही. फक्त बुटांचे तळ जमिनीला लागतील.

आणि पाच मीटर. कोणत्याही पेंग्विनपासून निदान पाच मीटर लांब राहायचं.

क्युव्हरव्हिल बेटावर आम्ही उतरलो तेव्हा जानेवारी होता. जेंटू पेंग्विनची राखाडी पिल्लं दगडांच्या घरट्यांत बसलेली. आधी वास येतो, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं: तिखट, दाट, कपड्यांत बसणारा. जमीन गुलाबी दिसते, कारण पेंग्विन क्रिल नावाचे कोळंबीसारखे छोटे जीव खातात आणि क्रिल गुलाबी असतात. वसाहतीपासून पाण्यापर्यंत बर्फात खोल पडलेल्या पायवाटा असतात. त्या पेंग्विनच्या. आपण त्या ओलांडायच्या तर थांबायचं, दोन्ही बाजूंना बघायचं, कुणी येत नसेल तर पलीकडे जायचं. मऊ बर्फात आपला पाय गुडघ्यापर्यंत गेला, तर तो खड्डा तिथेच बुजवून पुढे जायचं, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला बाहेर पडता येत नाही. बुटांनी बर्फ लोटून खड्डे बुजवणारी माणसं मी त्या उतारावर जागोजागी पाहिली. बँकेतून निवृत्त झालेले, शिक्षक, एक तरुण जोडपं. कुणीही सांगत नव्हतं, तरी सगळे बुजवत होते.

ताई एका जागी उभी राहिली होती. एक जेंटू वाटेवरून येत होता. तो वळला आणि तिच्या दिशेनं निघाला. ती मागे सरकायला लागली तसं तिच्या मागे उतार होता, मग ती थांबली. पाच मीटर, चार, दोन. तिच्या बुटांपाशी येऊन त्यानं मान वाकडी करून बघितलं. ताईचे दोन्ही हात अंगाला चिकटलेले, श्वास रोखलेला. तो थोडा वेळ तिथे होता, मग आपल्या वाटेनं गेला. पाच मीटरचा नियम आपल्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. आपण जवळ गेलो असतो, तर त्यानं पळ काढला असता किंवा घरटं सोडलं असतं, आणि वर घिरट्या घालणाऱ्या स्कुआ या शिकारी पक्ष्यानं तेवढ्यात पिल्लू उचललं असतं. आपण उभं राहिलो, म्हणून त्याला यावंसं वाटलं. जहाजावरचे सगळे नियम मला त्या क्षणी एकाच नियमासारखे वाटले.

पोर्ट लॉक्रॉयला ब्रिटिशांचा १९४४ सालचा छोटा तळ आहे. १९६२ मध्ये तो बंद झाला, १९९६ मध्ये दुरुस्त होऊन संग्रहालय झाला, आणि उन्हाळ्यात तिथे टपाल कार्यालय चालतं. आम्हीही पत्रं टाकली. पण मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट: त्या बेटाचा एक भाग पर्यटकांना पूर्ण बंद आहे, आणि उघड्या व बंद अशा दोन्ही भागांतल्या पेंग्विनची दर हंगामात मोजणी होते. आमच्या येण्यानं काय होतं, हे विचारण्याची सोय तिथे करून ठेवलेली आहे.

एका दुपारी किनारा नव्हता, नुसता झोडिअॅकचा फेरफटका. चालकानं हिमनदीच्या तोंडापासून लांब, तुकड्या-तुकड्यांच्या बर्फात बोट नेऊन इंजिन बंद केलं. पाच-दहा मिनिटं कुणी बोलू नका, म्हणाला. सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. मग चहूबाजूंनी बारीक तडतड ऐकू यायला लागली. बर्फ वितळताना त्यात शेकडो वर्षं दाबून राहिलेले हवेचे बुडबुडे फुटत होते. त्या हवेत आमच्यापैकी कुणी श्वास घेतलेला नव्हता, आमच्या आजी-पणजीनंही नाही.

आणि व्हेल. डिसेप्शन बेटावर आम्ही आधी व्हेलचं मरण पाहिलं होतं. हे बेट म्हणजे समुद्रानं आत शिरकाव केलेला जिवंत ज्वालामुखी. १९६७ आणि १९६९ मध्ये तो फुटला आणि तिथले तळ सोडावे लागले. आत व्हेलर्स बे या किनाऱ्यावर १९१२ ते १९३१ या काळात व्हेलचं तेल काढायचा कारखाना चालला. गंजलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत, काळ्या वाळूतून वाफ निघते. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून जास्त व्हेल मारले गेले. त्या टाक्यांपाशी उभं राहिल्यावर हा आकडा डोळ्यांपुढे लोखंड होऊन उभा राहतो. त्यानंतर दोन दिवसांनी विल्हेल्मिना उपसागरात सकाळपासून हंपबॅक जातीचे व्हेल खात होते, जहाजाच्या दोन्ही बाजूंना, जिकडे बघावं तिकडे उच्छ्वास. मारणं थांबलं, आणि ते परत आले. असं परत येणं मी दुसऱ्या कुठल्या प्राण्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते. तिचा फोटो ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर टाकला की तो आधीच्या फोटोंशी जुळवला जातो. ताईनं काढलेला एक फोटो आम्ही टाकला. परतल्यानंतर काही आठवड्यांनी तिला ईमेल आला की या व्हेलची ओळख पटली आहे. आधी तो कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ दिसला होता. द्वीपकल्पाच्या बाजूचे हंपबॅक प्रजननासाठी तिकडच्या उबदार पाण्यात जातात. ताईनं तो ईमेल मला तीनदा वाचून दाखवला. आता कधीही नवीन नोंद आली की तिला कळतं, आणि ती मला फोन करते: “आपला दिसला बरं का.”

तरीही, जावं का, असा प्रश्न आम्हाला विचारतात, आणि त्याचं उत्तर गोड करून देणं मला जमत नाही. २०२३-२४ च्या हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक अंटार्क्टिकाला गेले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही संख्या दहा हजारांच्याही खाली होती. २०११ पासून तिथे जड तेलाच्या इंधनाला बंदी आहे, नवी जहाजं स्वच्छ होत आहेत, हे सगळं खरं. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं द्वीपकल्पावरच्या बर्फात बसणारी काजळी मोजली आणि अंदाज मांडला की २०१६ ते २०२० या काळात दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळला. मी कुसळं चिमट्यानं काढून दिली, खड्डे बुजवले, पाच मीटर लांब राहिले. ८३ टनांचं मात्र मला काहीही करता आलं नाही. परत येऊन तिथल्या गोष्टी सांगितल्या की त्याची भरपाई होते, असं कंपन्या म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. सांगणं चांगलंच, पण सांगण्यानं बर्फ परत येत नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी म्हणते, जायचं तर लहान जहाजानं जा, जे खरोखर उतरवतं आणि उतरवण्याचे नियम पाळतं. जहाज कोणतं इंधन वापरतं, मार्गदर्शक किती, त्यांतले शास्त्रज्ञ किती, प्रवाशांकडून संशोधनासाठी नोंदी करून घेतात का, हे बुकिंगच्या आधी विचारा. ज्यांना हे प्रश्न आवडत नाहीत त्यांच्याबरोबर जाऊ नका. आणि एकदाच जा. एका ठिकाणी एका वेळी किती माणसं, याला तिथे मर्यादा आहे, पण एका हंगामात एकूण किती माणसं, याला नाही. ती असायला हवी, आणि कराराच्या देशांनी ती लवकर घालायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. तशी मर्यादा आधीच असती, तर कदाचित आमचा नंबर लागला नसता. ताईच्या बुटांपाशी तो जेंटू आला नसता, आणि कोलंबियाच्या व्हेलचा फोन मला आला नसता. मी याचा पुष्कळ विचार केला आहे, आणि तरीही मला ती मर्यादा हवी आहे.